शून्य निकाल म्हणजे शून्य तक्रारी नव्हेत

या मालेत पुस्तकं, नाटकं, सिनेमे यांची समीक्षा होत असते. आज आम्ही समीक्षेसाठी एक सॉफ्टवेअर घेतलं आहे. हिंजवडीत किंवा ऐरोलीत काम करणाऱ्या पुष्कळ श्रोत्यांचा दिवस ज्या खिडकीपासून सुरू होतो, ती खिडकी. नाव जिरा. कामाच्या आणि बिघाडाच्या तक्रारी नोंदवून त्यांचा पाठपुरावा करायचं हे साधन. त्यातल्या प्रत्येक नोंदीला कंपन्यांमध्ये सर्रास ‘तिकीट’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांनी हाउसिंग सोसायटीचं तक्रार-रजिस्टर डोळ्यांसमोर आणावं. गेटपाशी वॉचमनच्या टेबलावर पडलेलं असतं. तिसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही, लिफ्ट अडकते, जिन्यात दिवा नाही, जो तो येऊन लिहितो. त्या रजिस्टरचे दोन गुण असे, की ते आपल्या लक्षातही येत नाहीत. पहिला गुण, जो कोणी ते उघडेल त्याला तीच पानं दिसतात. सेक्रेटरीला वेगळी आणि भाडेकरूला वेगळी, असं नसतं. दुसरा गुण, ते वाचायला पैसे पडत नाहीत.

जिरासारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन्ही गुण बदलतात. पानं माणसागणिक वेगळी दिसतात आणि पान उघडणाऱ्या प्रत्येक माणसाची किंमत मोजली जाते. पहिल्या बदलाला परवानगी म्हणतात, दुसऱ्याला लायसन्स. आमचं म्हणणं एवढंच, की हे दोन बदल एकत्र वाचले पाहिजेत. सहसा सर्चची अडचण डेव्हलपर बघतो, लायसन्सची अडचण खरेदी विभाग बघतो, आणि दोघांच्या मधल्या फटीतून खऱ्या तक्रारी गळून जातात.

थोडा इतिहास

१९९८ मध्ये मोझिला प्रकल्पासोबत बगझिला नावाचं साधन सगळ्यांसाठी खुलं झालं. ते फुकट होतं, आजही आहे. २००२ मध्ये सिडनीत माइक कॅनन-ब्रूक्स आणि स्कॉट फारक्वार या दोघांनी अ‍ॅटलासियन ही कंपनी काढली आणि त्याच वर्षी जिरा आणलं. नावाची गोष्ट गमतीची आहे. ही मंडळी आधी बगझिला वापरत. त्यावरून गॉडझिला, आणि गॉडझिलाचं जपानी नाव गोजिरा. त्यातला ‘गो’ गळला आणि जिरा उरलं. आपल्या फोडणीतल्या जिऱ्याशी त्याचं काही नातं नाही.

२००९ मध्ये जिराची चौथी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत जेक्यूएल ही प्रश्न विचारायची भाषा. समीक्षकाने चांगलं ते आधी सांगावं, म्हणून सांगतो. ही भाषा खरोखर चांगली आहे. ‘या प्रकल्पातली, माझ्याकडे असलेली, गेल्या सात दिवसांत बदललेली तिकिटं दाखव’ असं जवळजवळ बोलल्यासारखं लिहिता येतं. पुढे तिच्यात ‘वॉज’ हा शब्द आला. त्यामुळे तिकीट आज कोणाकडे आहे एवढंच नव्हे, तर पूर्वी कधी कोणाकडे होतं हेही विचारता येऊ लागलं. कार्यालयीन सॉफ्टवेअरला भूतकाळ विचारता येणं ही छोटी गोष्ट नाही.

सर्च गप्प का बसतं

आता अडचणीकडे येऊ. तुम्ही प्रश्न लिहिता आणि निकाल येतो शून्य. किंवा येतात बारा, आणि तुम्हाला पक्कं माहीत असतं की वीस तरी असायला हवीत. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर ‘नसेल तसं काही’ म्हणून पुढे जातात, नाहीतर सॉफ्टवेअर बिघडलंय म्हणतात. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण, रिकामी जागा. समजा तुम्ही विचारलं, ‘अमित सोडून बाकी सगळ्यांकडची तिकिटं दाखव.’ तुमच्या मनात काय असतं? अमितचं नाव नसलेली सगळी. यंत्र मात्र कोणाचंच नाव नसलेली तिकिटं वगळतं. ‘बरोबर नाही’ हे चिन्ह रिकाम्या रकान्याला लागूच होत नाही, असा नियमच आहे. लेबलचंही तसंच. आणि बघा, कोणाकडेच न दिलेली तिकिटं हीच तर सगळ्यात जास्त शोधण्यासारखी. ती हवी असतील तर ‘किंवा रिकामं’ असं वेगळं लिहावं लागतं. मदतपुस्तिकेत हे सांगितलेलं आहे. निकालाच्या पानावर मात्र ‘रिकामी तिकिटं यात धरलेली नाहीत’ अशी एक ओळ कुठे दिसत नाही.

दुसरं कारण, शब्द. मजकुरात शोधताना यंत्र शब्दाचं मूळ काढतं. इंग्रजीत हे बरं चालतं, एकाच क्रियापदाची दोन-तीन रूपं एकमेकांना सापडतात. मराठीत काय होतं? ‘पावती’, ‘पावत्या’, ‘पावतीवर’, ‘पावत्यांमध्ये’. आपल्याला चारही एकच वाटतात. इंग्रजीच्या नियमांवर चालणाऱ्या यंत्राला ते चार परके शब्द वाटतात. महाराष्ट्रातल्या ग्राहकाची तक्रार मराठीत जशीच्या तशी चिकटवली, तर ती ‘पावती’ शोधून सापडेलच असं नाही. तिच्यात ‘पावत्यांवर’ लिहिलेलं असू शकतं. शब्दाच्या शेवटी तारा लावून शोधायची सोय आहे. पण ‘पावती’ आणि ‘पावत्या’ यांचा शेवट वेगळा असतो, म्हणून तारा ‘पावत’ नंतर लावावा लागतो.

तिसरं कारण, ‘झालं’ या शब्दाचे दोन अर्थ. जिरात तिकिटाची स्थिती वेगळी आणि निकाल लागला की नाही हा रकाना वेगळा. स्थिती ‘डन’ झाली, पण निकालाचा रकाना रिकामाच राहिला, तर ‘न सुटलेली तिकिटं’ या यादीत ते तिकीट येतच राहतं. उलटंही होतं. रकाना भरलेला, पण काम पुन्हा उघडलेलं. मग उघड्या तिकिटांच्या यादीतून ते गायब. ही चूक वापरणाऱ्याची नसते. कामाचा प्रवाह ज्याने बांधला, त्याने त्या टप्प्यावर रकाना भरायची किंवा पुसायची व्यवस्था केलेली नसते.

चौथं कारण, वेळ. ‘आज’ म्हणजे कोणाचा आज? तारखांचा हिशेब ज्याच्या त्याच्या प्रोफाइलमधल्या टाइम झोनवर होतो. पुण्यातला टेस्टर आणि न्यूयॉर्कमधला मॅनेजर एकाच क्षणी तोच प्रश्न चालवतात आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत. मग मीटिंगमध्ये अर्धा तास आकड्यांवरून वाद.

पाचवं कारण, सूची. स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या जिरात तिकिटं डेटाबेसमध्ये असतात आणि सर्चसाठी ल्युसीन नावाच्या यंत्रणेची वेगळी सूची असते. ग्रंथालयातलं पुस्तक आणि त्याचं कार्ड जसं वेगळं. कार्ड हरवलं तरी पुस्तक कपाटात असतंच. त्यामुळे एखादं तिकीट क्रमांक टाकून थेट उघडलं तर उघडतं, पण सर्चमध्ये येत नाही, असं दिसलं की सूची पुन्हा बांधायला अ‍ॅडमिनला सांगायचं.

‘नाही’ आणि ‘तुला नाही’

सहावं कारण आम्ही वेगळं काढलं आहे, कारण आजचा मुद्दा त्यातच आहे. परवानगी.

जिरात सर्च नेहमी विचारणाऱ्याच्या नजरेने चालतं. ज्या प्रकल्पाची पानं पाहायची तुम्हाला परवानगी नाही, त्यातलं एकही तिकीट तुमच्या निकालात येत नाही. एखाद्या तिकिटावर सुरक्षेची पातळी लावली असेल तर तेही वगळलं जातं. किती वगळली, हे सांगितलं जात नाही. आपण एकमेकांना फिल्टर पाठवतो तेव्हा खरं तर प्रश्न पाठवतो, उत्तर नाही. समोरच्याला त्याच्या वाट्याचं उत्तर मिळतं.

आणि जो प्रकल्प तुम्हाला दिसत नाही त्याचं नाव जेक्यूएलमध्ये लिहिलंत, तर यंत्र काय म्हणतं? असं मूल्य या रकान्यात अस्तित्वातच नाही. ‘तुला परवानगी नाही’ असं म्हणत नाही, ‘अस्तित्वात नाही’ म्हणतं. आमची हरकत या वाक्यावर आहे.

यावरचं उत्तर आम्हाला ठाऊक आहे. गुप्त प्रकल्पाचं नावसुद्धा बाहेर कळू नये. ‘तुला परवानगी नाही’ म्हटलं, की तिथे काहीतरी आहे हे उघड झालं. सुरक्षेच्या दृष्टीने हे रास्त आहे. पण मग दोन्ही शक्यता सांगणारं वाक्य लिहिता येतं: ‘असं काही नाही, किंवा तुम्हाला ते पाहायची परवानगी नाही.’ यात गुपितही फुटत नाही आणि खोटंही बोललं जात नाही. असं वाक्य याच सॉफ्टवेअरमध्ये दुसरीकडे आहे. न दिसणाऱ्या तिकिटाची लिंक उघडली, की तिकीट काढून टाकलेलं असेल किंवा तुम्हाला परवानगी नसेल, असं दोन्ही सांगितलं जातं. बगझिला तर सरळच सांगतं, की अमुक क्रमांकाची नोंद पाहायचा अधिकार तुम्हाला नाही. म्हणजे खरं बोलायची पद्धत माहीत आहे, सर्चच्या खिडकीत ती वापरलेली नाही.

खुर्च्यांचा हिशेब

आता लायसन्स. जिराची किंमत माणसांवर ठरते. स्वतःच्या सर्व्हरवरच्या जिरासाठी टप्पे होते: १० जण, २५ जण, ५० जण, असे वर वर. २००९ मध्ये कंपनीने १० जणांसाठी १० डॉलरचं लायसन्स काढलं आणि त्याचे पैसे रूम टू रीड या शिक्षणसंस्थेला दिले. छोट्या गटांनी ते आनंदाने घेतलं. लायसन्स कायमचं, देखभालीचे पैसे वर्षाचे, अशी ती पद्धत होती.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने हा सर्व्हर प्रकार बंद करण्याचं जाहीर केलं. २ फेब्रुवारी २०२१ पासून नवी विक्री थांबली आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला आधार संपला. पुढे दोन रस्ते दाखवले गेले. एक क्लाउड, जिथे माणशी पैसे. दुसरा डेटा सेंटर, जिथे त्या वेळी सगळ्यात लहान टप्पाच ५०० जणांचा होता. साठ माणसांच्या कंपनीने ५०० खुर्च्यांचं भाडं भरायचं किंवा क्लाउडवर जायचं. क्लाउडवर १० जणांपर्यंत फुकट आहे, हे खरं. पण अकरावा माणूस आला की दहाही जण मोजले जातात.

पण ‘वापरणारा’ म्हणजे कोण? इथेच गाठ आहे. रोज येणारा तो वापरणारा, असं आपल्याला वाटेल. जिरात तसं नाही. ज्या गटाला प्रवेश दिला आहे, त्या गटात ज्याचं नाव आहे आणि ज्याचं खातं चालू आहे, तो मोजला जातो. वर्षभर एकदाही लॉगिन केलं नसलं तरी. आणि दिवसाला पन्नास तिकिटं हाताळणारा आणि महिन्यातून एकदा फक्त वाचायला येणारा, दोघांची खुर्ची सारख्याच भावाची. नुसतं वाचणाऱ्यासाठी स्वस्त खुर्ची जिराच्या मुख्य रचनेत नाही. प्रकल्प सगळ्या जगाला खुला करता येतो, त्याला खुर्ची लागत नाही. पण कुठली कंपनी आपली तक्रारवही रस्त्यावर ठेवेल?

सर्व्हर आवृत्तीत मर्यादा ओलांडली तर शिक्षा अकराव्या माणसाला होत नसे, सगळ्यांना होत असे. कोणालाच नवं तिकीट करता येत नसे. जुनं वाचता येई, पण नवी तक्रार बंद. अ‍ॅडमिनला धावत जाऊन कोणाचं तरी नाव काढावं लागे.

कोणाचं नाव काढतात? आम्ही कुठल्या एका कंपनीबद्दल बोलत नाही, हिशेबाची रीतच अशी आहे. जो कमी लॉगिन करतो त्याचं. सपोर्टला बसणारी कंत्राटी मुलगी, गोदामातला माणूस, ग्राहकाकडे जाऊन मशीन बसवणारा इंजिनिअर. म्हणजे बिघाड सगळ्यात आधी ज्यांना दिसतो ते. मग ते काय करतात? एक तर मित्राला फोन करतात, ‘माझ्या वतीने टाक ना एक तिकीट.’ तक्रार करणारा म्हणून नोंद मित्राची. नाहीतर पाच जणांत एक लॉगिन वापरतात. लायसन्सच्या करारात हे सहसा बसत नाही, हा एक भाग. दुसरा भाग असा, की ‘मी नोंदवलेली तिकिटं’ हा प्रश्नच निरर्थक होतो. ‘मी’ कोण, हे यंत्राला कळायचा मार्ग राहत नाही.

ज्याचं खातं बंद केलं, त्याच्या नावावरची तिकिटं तशीच राहतात. ‘कोणाकडेच नसलेली’ असं शोधलं तर ती येत नाहीत, कारण रकान्यात नाव आहे. त्या नावाचा माणूस मात्र आता ती उघडू शकत नाही.

गप्प नोंदवही काय करू शकते

कोणी म्हणेल, एवढं काय त्यात? दोन-चार तिकिटं हुकली तर हुकली. म्हणून ब्रिटनमधलं एक उदाहरण सांगतो. ते जिराचं नाही आणि लायसन्सचंही नाही, हे आधीच स्पष्ट करतो. ते नोंदवही कोणाला दिसते, याचं आहे.

१९९९ पासून ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसात होरायझन ही हिशेबाची संगणकप्रणाली बसवली गेली. ती चालवत होती फुजित्सू. गावोगावच्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. त्यांनी मदतकेंद्राला फोन केले. असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय, असं सांगितलं गेल्याच्या साक्षी पुढे अनेकांनी दिल्या. पोस्टमास्तरांना तूट स्वतःच्या खिशातून भरावी लागली, कित्येकांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. होरायझनच्या आकड्यांशी जोडलेल्या प्रकरणांत नऊशेहून अधिक लोकांना दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले.

त्याच काळात फुजित्सूकडे दोन नोंदवह्या होत्या. एक घडलेल्या घटनांची, तिचं नाव पीक. दुसरी माहीत असलेल्या दोषांची, नोन एरर लॉग. प्रणालीतले दोष त्यांत नोंदलेले होते. पोस्टमास्तरांना त्या दिसत नव्हत्या. ५५५ दावेदारांनी खटला लढवला, या नोंदी मिळवण्यासाठीही झगडावं लागलं. १६ डिसेंबर २०१९ ला न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला, की होरायझनमधल्या दोषांमुळे शाखांच्या हिशेबात फरक पडू शकत होता आणि तो पडलाही. २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या या शिक्षा सरसकट रद्द केल्या.

म्हणजे तक्रारी नोंदल्या जात होत्या. सर्च केलं असतं तर सापडत होत्या. पण ज्याचं आयुष्य त्यावर अवलंबून होतं त्याला सर्च करायचा अधिकार नव्हता. त्याला ‘तुला दाखवता येत नाही’ असं सांगितलं असतं, तर तो निदान म्हणाला असता, ‘मग ज्याला दिसतं त्याला विचारा.’ त्याला सांगितलं गेलं की असं काही नाहीच.

मग करायचं काय

व्यवहाराचं बोलू. निकाल कमी आला तर एका क्रमाने तपासा. ज्या तिकिटाबद्दल खात्री आहे त्याचा क्रमांक टाकून थेट उघडा. उघडलं नाही, तर आधी परवानगीचा प्रश्न. अ‍ॅडमिनकडे ‘परमिशन हेल्पर’ नावाचं साधन असतं. कोणाला काय का दिसत नाही, ते त्यात कळतं. उघडलं, तर दोष प्रश्नात किंवा सूचीत. मग प्रश्नातली एकेक अट काढत जा. जी अट काढल्यावर तिकीट प्रकट होतं, तिथे खोट. ‘नाही’ असलेली अट पहिली काढा, रिकाम्या रकान्याचा घोळ तिथेच असतो. त्यानंतर निकालाचा रकाना, मग तारीख, मग शब्द. एवढं करूनही न आलं तर सूची.

लायसन्स वाचवायला नावं काढायची असतील तर जरूर काढा, सोडून गेलेल्यांच्या खुर्चीचं भाडं कशाला भरायचं? पण खातं बंद करण्याआधी त्याच्या नावावरची उघडी तिकिटं दुसऱ्याला द्या. आणि ज्या जिवंत माणसाची खुर्ची काढता, त्याला तक्रार नोंदवायला दुसरं दार द्या. जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये तक्रार सोडवणाऱ्या एजंटला लायसन्स लागतं, तक्रार करणाऱ्या ग्राहकाला लागत नाही. ते परवडत नसेल तर बगझिला आहे, २००६ पासूनचं रेडमाइन आहे. त्यांना माणशी पैसे नाहीत. सर्व्हर सांभाळायला, अपडेट करायला माणूस मात्र लागतो, आणि तो खर्च नीट धरा. फुकटचं सॉफ्टवेअरही कोणाच्या तरी पगारावर चालतं.

आमचा अभिप्राय असा. प्रश्न विचारायची भाषा म्हणून जिरा उत्तम. उत्तर देणारा म्हणून अर्धवट प्रामाणिक, कारण आपण काय वगळलं ते तो सांगत नाही. आणि नोंदवही म्हणून धोक्याची, कारण वाचणं आणि लिहिणं एकाच भावाने विकल्यावर कमी पैशांच्या माणसाचं वाचणं सगळ्यात आधी बंद होतं. पैकी दुसरा दोष एका वाक्याने दुरुस्त होईल. तिसरा दुरुस्त व्हायला किमतीची रचना बदलावी लागेल, आणि ती खरेदी करणाऱ्यांनी मागितल्याशिवाय बदलणार नाही.

तोपर्यंत मीटिंगमध्ये कोणी स्क्रीनवर शून्य दाखवून ‘बघा, एकही तक्रार नाही’ म्हणालं, तर दोन प्रश्न विचारा. हा प्रश्न कोणाच्या लॉगिनने चालवला? आणि ज्यांना तक्रार असायची शक्यता आहे, त्यांच्यापैकी किती जणांना लॉगिन आहे?

प्रश्नोत्तरं आता घेऊ.